आई रस्ता ओलांडते तेव्हा

पोलादपूर,
८ फेब्रुवारी

प्रिय सुहासदादा,

नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. इकडे सगळं बरं आहे. परसातल्या काजूला मोहर आलाय.

यंदा कॉलेजात वाहतूक अभियांत्रिकी शिकतेय. मला वाटायचं, रस्ता म्हणजे खडी आणि डांबर. पण त्यात माणसांचं थांबणं आणि निघणंही असतं. आमच्या गटाला आपलाच फाटा दिलाय. हायवे चौपदरी झाला आणि शेतं पलीकडे राहिली. लोक दुभाजकातल्या फटीतून ये-जा करतात. दोन गाड्यांमध्ये किती सवड मिळते आणि त्यातली किती माणसाला पुरेशी वाटते, ते आम्ही टिपतो. भुयारी मार्ग हवा का, हे त्यावरून ठरवता येतं. प्रत्येकाचा अंदाज निराळा. कॉलेजची पोरं जराशा सवडीत पळतात. शेजारची साळूबाई डोक्यावर भारा असला की जागची हलत नाही.

सकाळी सावित्रीवरून धुकं चढतं. आधी नुसता उजेड तरंगत येतो, मग आवाज, मग गाडी. बघता बघता आपण जागे आहोत की झोपेत, तेच कळेनासं होतं.

काल त्या धुक्यात आई दिसली, शेताकडे निघालेली. रस्ता मोकळा झाला, ती हलली नाही. पुन्हा झाला, तरी नाही. धुकं विरलं, लांबपर्यंत एकही गाडी नव्हती, आणि ती कानोसा घेत उभीच.

मी हातातलं काम टाकून धावले. अंगात मोजणीच्या कामाचं केशरी जॅकेट, डोक्यावर हेल्मेट. तिचा हात धरला.

"आलास रे सुहास?" ती म्हणाली.

मी तिला तशीच पुढे नेली. दुभाजकापाशी थांबलो, तर हळूच म्हणते, "एकटाच? रेश्माला नाय आणलंस?"

दादा, तुझ्या लग्नापासून तिनं ते नाव घरात कधी घेतलं नव्हतं.

पलीकडे पोचल्यावर तिची बोटं माझ्या बांगड्यांना लागली. "तू होय गो शर्मे," म्हणाली आणि बांधावर बसली. मग म्हणाली, "त्याला कळवू नको. घरात पाय ठेवू नका, असं मीच बोलले. आता कुठल्या तोंडानं बोलवू?"

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. कालच दुपारी तिला महाडला नेलं. डॉक्टरांनी ऑपरेशनला महिनाअखेरची तारीख दिलीय. आई तयार नाही. म्हणते, "आता बघायचं काय रायलंय?"

आज तिला सांगितलं, दादाला लिहितेय. नको म्हणाली. मग चुलीपाशी बसून तिनंच विचारलं, "रेश्माला वालाचं बिरडं चालतं का गो?"

मला ठाऊक नाही. ऑपरेशनच्या आधी या, म्हणजे वहिनीच सांगेल.

वहिनीला पहिल्यांदाच नमस्कार लिहितेय. तो माझ्या एकटीचा नाही, घरचा आहे.

तुम्हा दोघांची,
शर्मी