उरलेलं बुश

दि. ९ जानेवारी

प्रिय भोंग्या,

अनेक आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. पत्र वाजत नाही, त्यामुळे ते कापताही येत नाही.

आम्ही सगळे ठीक. आईचा खोकला गेला. बाबा दिवसभर गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसतात आणि नुसत्या पान्याच्या आवाजावरून माझ्या चुका काढतात. गुडघा अजून पुरता वाकत नाही, जीभ मात्र ठणठणीत आहे.

बातमी अशी, की बाबांच्या जुन्या मोटारसायकलला गिऱ्हाईक आलं. जुन्या गाड्यांचा शौकीन माणूस. तू चालवत होतास, बाबा मागे होते आणि तुम्ही दोघं पडलात, तेव्हापासून सहा वर्षं ती कोपऱ्यात चादरीखाली होती. तो म्हणाला, "पुढच्या चाकाचे फोर्क अस्सल आहेत की दहा गाड्यांचे तुकडे जोडलेत, तेवढं खोलून सांगा." मी आठवडाभर टाळाटाळ केली. शेवटी बाबा म्हणाले, "तुझे हात कोणी बांधलेत का?" मग सोमवारी खोलले.

बाबांची पद्धत तुला ठाऊक आहे. वर्तमानपत्र पसरायचं, फोर्कच्या उजव्या पायाचे भाग उजवीकडे, डाव्याचे डावीकडे, निघतील त्याच क्रमाने. तेल काळंकुट्ट निघालं. स्प्रिंगचे वेढे मोजले, नळ्यांवरचे नंबर जुन्या पुस्तकाशी ताडून पाहिले. सगळं अस्सल, जोडीला जोड. फक्त उजवीकडे खालचं बुश होतं, आणि डावीकडे त्याच्या जागी नुसतं वर्तमानपत्र.

ती पितळी बांगडी नसेल तर नळी आत लडबडते आणि ब्रेक दाबला की हँडल थरथरतं. तू तेच सांगत होतास. दवाखान्याच्या बाकावर बसून, कोपर सोललेलं, "बाबा, हँडल थरथरलं." आणि बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं!" पुढच्याच महिन्यात तू बॅग भरलीस.

तुम्ही पडलात त्याच्या आदल्या दिवशी ते फोर्क मीच जोडून भरले होते. बाबा नेहमी सांगतात, टेबलावर काही उरलं तर काम संपलेलं नाही. माझ्या टेबलावर एक बुश उरलं होतं. दुसऱ्या गाडीचं असेल म्हणून मी ते उरल्यासुरल्याच्या डब्यात टाकलं.

इथवर आलेच आहे, तर पुढचंही सांगते. हे मला सोमवारी कळलं नाही. दवाखान्यात तू "थरथरलं" म्हणालास, तेव्हाच मला तो डबा आठवला होता. मी जाऊन पाहिलं नाही. पाहिलं नाही म्हणजे माहीत नाही, अशी स्वतःची समजूत घातली. बाबा गाडी भंगारात काढू म्हणाले की मी "राहू दे" म्हणायचे, पण चादर काही उचलायचे नाही. बाबांची जीभ लागली ती लागलीच, पण तुला घालवलं ते माझ्या गप्प बसण्याने. मला फार लाज वाटते रे.

डब्यातलं बुश काढून डाव्या पायात घालून पाहिलं. चपखल बसलं. तसंच नेऊन बाबांच्या तळहातावर ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. ते बराच वेळ बोटांत फिरवत राहिले. मला वाटलं, आता पाना डोक्यात बसतो. पण म्हणाले, "म्हणजे अंगण खरंच वाकडं होतं." मग चष्मा पुसत बसले. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकाला स्वतः फोन करून सांगितलं, गाडी विकायची नाही.

उजवा पाय मी भरलाय. डावा उघडाच ठेवलाय. त्याचं बुश या पाकिटात आहे. हरवू नकोस, दुसरं मिळत नाही. ते तू येऊन बसव. रागवायचं असेल तर समोर उभा राहून रागव, मी सगळं ऐकून घेईन.

बाबांचा निरोप आहे, शब्दाला शब्द लिहिते: "गाडी त्यालाच चालवायला सांग. मागे मी बसतो."

वाट पाहणारी, आणि आता टेबल दोनदा तपासणारी,
तुझी ताई