कार्यशाळा कोणाला जावी याबद्दल

मी, खाली सही करणार, वय वर्षे बावन्न, धंदा सुतारकाम (दारे, खिडक्या, शवपेट्या), पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पत्नीचा दबाव मोजू नये, तो सत्तावीस वर्षे चालूच आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी माझ्या पोटाचा फोटो उजेडासमोर धरला आणि "सहा महिने, फार तर आठ" असे सांगितले, तेव्हा मी त्यांच्या खिडकीची चौकट पाहत होतो. खालचा सांधा सुटला होता. त्या दिवसातले मला एवढेच आठवते.

१. राहते घर पत्नीला. स्वयंपाकघराचे दार फुगून घासते, ते तिने दुसऱ्या सुताराकडून करून घ्यावे. घरच्या सुताराला वेळ मिळाला नाही.

२. बँकेत जे असेल ते मुलीला. तिने त्यातून माझ्या नावाने आमच्या चर्चच्या मंडळीला पंखा वगैरे देऊ नये. पंख्यावर नाव लिहून कोणी नम्र झालेला मी पाहिला नाही.

३. माझे सद्गुण. आमच्या मंडळीत दर रविवारी उपासना संपली की बिस्किटांचा एक डबा फिरतो. त्यात बारा चिठ्ठ्या असतात. नम्रता, सौम्यता, सहनशीलता, जी हाती येईल ती आठवडाभर घरीदारी पाळायची आणि पुढच्या रविवारी कसे जमले ते सांगायचे. सौम्यता आली त्या आठवड्यात मी गिऱ्हाइकाला गाढव न म्हणता साहेब म्हणालो. सूर तोच होता. क्षमा मला अकरा वर्षांत नऊ वेळा आली आणि नऊही वेळा मी ती शेजारी बसणाऱ्या शिवणकामवाल्या बाईंशी गुपचूप बदलून घेतली. बाईंनी त्यापायी सासू, जाऊ आणि घरमालक अशा सगळ्यांना माफ करून टाकले. हे मी मंडळीसमोर कबूल केलेले नाही. पाळकसाहेबांनी माझ्या मागे वाचून दाखवावे.

४. धाकटा भाऊ. आमचे बाबाही सुतार. स्वतःच्या शवपेटीसाठी त्यांनी सागाच्या पाच फळ्या वीस वर्षे सुकवून ठेवल्या होत्या. मी बाहेरगावी कामावर असताना ते गेले. परत येऊन पाहतो तर बाबा प्लायवुडच्या पेटीत, आणि सागाचे या पठ्ठ्याने मंडळीसाठी पुलपिट केलेले, पाळकसाहेब ज्यामागे उभे राहून उपदेश करतात ते. लोकांनी कौतुक केले. भाऊ म्हणाला, "बाबाच म्हणाले, मातीत कशाला घालतोस साग, मंडळीला दे." खरेखोटे बाबांना विचारायची सोय नव्हती. कार्यशाळा माझ्या नावावर होती, मी त्याला दार दाखवले. तेव्हापासून तो दुसऱ्याच्या दुकानात रंधा मारतो, आणि मी दर रविवारी बाबांच्या फळ्यांमागून येणारे प्रीतीवरचे उपदेश ऐकतो.

सबब, कार्यशाळा व हत्यारे परक्याला विकावीत. भावाला या मृत्युपत्राचा साक्षीदार करावे. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. कायद्यातली एवढी एकच गोष्ट मला मनापासून आवडली.

५. येथवर लिहून झाले आणि पत्नीने बोलावलेला भाऊ आला. केस पांढरे झालेत. बसला नाही.

"दादा, कुठं सही करू?"

"वाचणार नाहीस?"

"काय वाचायचंय? तुझं तू लिहिलंयस."

"साक्षीदाराला काही मिळत नाही, माहीत आहे ना?"

"वहिनी म्हणाली. म्हणून तर आलो. एरवी आलो असतो तर तू म्हणाला असतास, मिळकतीचा वास लागला वाटतं."

म्हणालो असतो. त्याने पेनाचे टोपण काढले. मी पेन काढून घेतले.

मला काही वाटले नाही, हे येथे स्पष्ट नोंदवतो. गळा दाटला नाही, डोळे भरले नाहीत, फळ्यांचा राग होता तेवढाच आहे. पण त्या चिठ्ठ्यांच्या मागे पाळकसाहेबांच्या अक्षरात सूचना असते: वाटण्याची वाट पाहू नये, करावे.

सबब, कलम चारमधील शेवटचा परिच्छेद रद्द. कार्यशाळा, सर्व हत्यारे व दारावरची पाटी धाकट्या भावाला. आजपासूनच त्याने कामाला यावे. आभार मानू नयेत.

त्याने हे कलम उभ्यानेच वाचले, दोनदा. मग म्हणाला, "मोठ्या करवतीचं पातं गेलंय."

"तुझी करवत, तू बघ," मी म्हणालो.

वकिलांनी स्वच्छ प्रत काढू म्हटले. नको. खाडाखोड राहू द्यावी.

स्थळ: घरामागची कार्यशाळा. दिनांक: आज, शनिवार.

सही: थोरला सुतार

साक्षीदार:

१. शिवणकामवाल्या बाई. (तिसरे कलम वाचले. उद्या उपासनेनंतर बोलते.)

२. ~~धाकटा भाऊ~~ खोडले, कारण यास मिळकत मिळते. त्याच्या जागी समोरचा चष्मेवाला, ज्याला यातून काहीही मिळत नाही.