बुधवारचा हसवणारा कार्यक्रम

एटापल्ली, नोव्हेंबर १९९७

मायले दामिनीचा नमस्कार.

मी इथी दवाखान्यात नर्सच्या नोकरीत मजेत आहो. तुह्या गुडघ्याचं दुखणं कसं आहे?

बाबा गेल्यापासून तू रेडिओ लावला नाई, असं गावाहून आलेला धनराजभाऊ सांगत होता. बुधवारी सांजेले एक बुढा-बुढी भांडतेत, तो कार्यक्रम लाव. काल बुढा बकरीले घेऊन फोटो काढाले गेला. सारा वार्ड हासला. लेक गेलेली एक बाईही हासली, अन् लगेच तोंडावर पदर घेतला. मी म्हणलं, "हासा बाई, कोणी काई म्हणत नाई." मंग तुही लय आठवण आली.

एकटी नको ऐकू, मनकर्णा मावशीले बलाव. मीही त्याच टायमाले ऐकीन. तू हासली तर बाबाले बरंच वाटन.

तुही लेक,
दामिनी