बाबांच्या कापडावरची संख्या

केप कोस्ट
१२ सप्टेंबर, मंगळवार

प्रिय एकोदादा,

कसा आहेस? आम्ही आहोत, जेवतो-झोपतो. फोन तू उचलत नाहीस, म्हणून तुझ्या तमालेला जाणाऱ्या बसवाल्याच्या हाती हे पत्र देतेय. आईचे पाय सुजलेत, तरी मासे धुरावर लावायला बसतेच. ऐकेल तर शपथ.

बाबा अजून शवागारातच आहेत. दफन पुढच्या शनिवारी. सगळा कारभार आत्याच्या हाती आहे, पण शवपेटी मुलांनीच आणायची असते, आणि थोरला तू. लोक विचारतात. मी "येईल" म्हणते.

आता एक भलतंच होऊन बसलंय. त्या दिवशी सगळे जे कापड नेसणार, त्यावर आत्याला बाबांचा फोटो हवाय आणि खाली त्यांनी शोधलेली, अभिमानानं मिरवलेली ती चाळीस आकडी संख्या. 'मूळ संख्या, हिला कुणी भागू शकत नाही,' असंही छापायचंय. छापखान्यातून नमुना आला, तेव्हा आकडे तपासावेत म्हणून मी ती लॅपटॉपमध्ये घातली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तिचे तीन तुकडे झाले, म्हणजे तीन भाजक निघाले. वाटलं, माझंच बोट चुकलं. आईकडून एकेक आकडा वाचून घेत पुन्हा घातली. पुन्हा तीनच.

हे कसं रे? मूळ संख्या ओळखायची बाबांची कसोटी मी स्वतः वर्गात शिकवते. कुठलाही लहान आकडा घ्या, बाबांच्या संख्येइतक्या वेळा मांडून गुणाकार करा, मग त्या संख्येनं भागा. बाकी तोच आकडा उरायला हवा. उरतो, दादा! दोन घेतले, सात घेतले, आपल्या घराचा नंबरसुद्धा घेतला. दर वेळी पास. आणि तरी ती भागली जाते. दोन्ही खरं कसं? डोकं भणभणलंय माझं.

या कसोटीला उतरून मूळ असल्याचं सोंग बेमालूम वठवणाऱ्या संख्या असतात, असं तू त्या ईस्टरच्या जेवणात म्हणालास, तेव्हा मला वाटलं, उगाच बाबांना डिवचतोय. पुढचं लिहायचं टाळत होते. बाबा ताटावरून उठले आणि म्हणाले, "भाजक घेऊनच या घरात पाय ठेव." तू हात धुतलेस आणि गेलास, तो गेलासच.

पण भाजक काढणं तर तुझ्या हातचा मळ. का नाही काढलास? की काढला होतास, आणि बाबांना दाखवायला जीव झाला नाही? परवापासून हेच घोळतंय, आणि मला तुझा राग येतोय की रडू, तेही कळत नाही.

आईला सगळं सांगितलं. ती मासे उलटत राहिली. मग म्हणाली, "एकोला कळव. आता त्याला घरात यायला काही आड येत नाही."

कापडावर काय छापायचं, ते आत्याला तूच येऊन सांग. माझ्यानं होणार नाही.

भाजक पत्राच्या मागे लिहिलाय. घेऊन ये.

आईची आणि तुझी,
अराबा