कोपऱ्यातलं पाणी

३ ऑक्टोबर

माशांची टाकी आली! लेक हॉस्टेलवरून येताना मांडीवर धरून घेऊन आली, तान्ह्या पोराला आणावं तशी. "आई, तू सारखी त्या कोपऱ्याकडे बघत बसतेस. मग बघण्यासारखं काहीतरी ठेव ना तिथे."

तिथे नवऱ्याची खुर्ची होती. खुर्ची कधीच गच्चीवर गेली. कोपरा कुठे नेऊन ठेवणार?

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "घरात पाणी कशाला आणताय?" आणि आत गेल्या.

४ ऑक्टोबर

दुकानातून — म्हणजे आमच्या चष्म्याच्या — सुटल्यावर मासेवाल्या बाईंकडे गेले. पाळायचे मासे विकतात त्या. बडबड्या आहेत, पण मनाने चांगल्या. रंगीत खडे, प्लॅस्टिकचा किल्ला काही नको म्हणाल्या. वाळू, एखादं वाकडंतिकडं लाकूड, दोन-चार झाडं. "मासा आपल्या घरी आल्यासारखा वाटला पाहिजे. आणि घाई नाही करायची हं! पाणी आधी पिकू द्यायचं, तीन-चार आठवडे मुरू द्यायचं, मगच मासे."

पाणी पिकतं म्हणे! किती दिवसांनी हसले.

वाळूची पिशवी हातात घेतली होती. परत ठेवून दिली. तेव्हाच मला कळलं, वाळू कुठून आणायची ते.

५ ऑक्टोबर, रविवार

नदीवर गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

तो खडक आहे तसाच. त्यावर चपला आणि घड्याळ ठेवलेलं सापडलं होतं. चपला नीट, शेजारीशेजारी. घरी कधी जागेवर काढल्या नाहीत त्याने! पाय धुवायला उतरला असेल, घसरला असेल, असं पोलीस म्हणाले. पाणबुड्यांनी तळ धुंडाळला. काही नाही. पुढे मोठा बांध, त्यापुढे समुद्र... "आशा ठेवू नका, वहिनी."

खडकाच्या खालच्या अंगाला वाळू मऊ आहे. डबा भरला. लाकूडही तिथेच, अर्धं गाळात. ओढलं तर येईना. मग एकदम आलं — आणि मी मागे बसले. कुणीतरी पलीकडून सोडल्यासारखं.

६ ऑक्टोबर

वाळू धुतली. किती पाणी ओतलं तरी गढूळच. बादलीत हात घालून ढवळताना वाटत होतं, आता बोटांना काहीतरी लागेल. लागलं नाही. थांबवतही नव्हतं. सासूबाई मोरीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. "कुठली आहे गं ही?"

सांगितलं.

त्यांचा चेहरा पांढराफटक. "त्याला नाही आवडणार हे."

नाही आवडणार! त्या कायम अशाच बोलतात — तो असा आहे, त्याला हे चालत नाही. डॉक्टर म्हणाले होते, वय झालंय, बोलू द्या. मी बोलू देते. रडल्या मात्र कधी नाहीत. माझंच रडू दोघींना पुरलं.

८ ऑक्टोबर

लाकूड उकळलं. टाकीत बुडेना! वरून दाबलं की खाली जातं, हात काढला की वर. शेवटी चपट्या दगडाला दोऱ्याने करकचून बांधलं. बांधताना तोंड दुसरीकडे फिरवलं.

११ ऑक्टोबर

पाणी तपकिरी झालंय. लाकडाचा रंग उतरतो, मासेवाल्या बाई म्हणाल्या, माशांना बरंच असतं ते. मला त्या दिवसाची नदी दिसते. अशीच होती, पावसानंतरची.

लाकडाचा वरचा फाटा दुमडलेल्या कोपरासारखा आहे. एकदा तसं दिसलं की दुसरं काही दिसत नाही.

१५ ऑक्टोबर

दुकानात एक गिऱ्हाईक आलं. चष्म्याची दांडी कानामागे टोचते म्हणाले. वाकवून बसवायला पुढे झाले — तोच कान. तीच मागची खाच. माझे हात तिथेच थांबले. "काय झालं, ताई?" काही नाही म्हटलं. परकाच माणूस. मालकीण म्हणाली, घरी जा आज.

घरी येऊन टाकीसमोर बसले. सासूबाई त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. स्वयंपाकघरात जायचं तर गॅलरीतून वळसा घालून जातात.

१९ ऑक्टोबर

लाकडावर पांढरा बुळबुळीत पडदा चढलाय. सकाळी दिवा लावला आणि ओरडलेच.

दोन वर्षांपूर्वी मला एक प्रेत ओळखायला नेलं होतं. तो नव्हता. दुसऱ्याच कुणाचं तरी माणूस. पण त्याची कातडी अशीच होती.

मासेवाल्या बाई हसल्या. "नव्या लाकडाला येतंच ते! गोगलगायी टाका, खाऊन फस्त करतील." चार गोगलगायी दिल्या. मी बघत बसले त्यांना खाताना. बघवत नव्हतं, तरी उठवेना.

२० ऑक्टोबर

लेकीचा फोन. "दिसते का गं छान?" छान दिसते म्हटलं.

मी त्याच्याशी बोलायला लागलेय. मोठ्याने. बिल भरलं, नळ गळतोय, लेकीला चांगले मार्क मिळाले. फिल्टर बुडबुड करतो, तो हुंकार वाटतो.

२ नोव्हेंबर

पडदा गेला. पाणी निवळलं. झाडांनी मूळ धरलं. पहिले मासे सोडले, नखाएवढे. सगळे थेट लाकडाच्या पोटाखाली जाऊन बसले. एकही बाहेर येईना.

तुझ्याजवळच बसलेत, म्हटलं.

मागे काहीतरी पडलं. सासूबाई उंबऱ्यात उभ्या. हातातली वाटी फुटली होती. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

८ नोव्हेंबर

चमच्याने वाळू सारखी करत होते. एक बटण वर आलं. शर्टाचं, पांढरं, चार भोकांचं.

सकाळभर त्याचे शर्ट काढून लावून पाहिले. तसंच आहे. पण सगळीच बटणं तशी असतात ना? जगातल्या निम्म्या शर्टांना हेच बटण असतं! तरी मूठ उघडेना. जमिनीवर शर्टांच्या ढिगात बसून राहिले.

सासूबाईंपुढे हात धरला. "आई, त्याचंच आहे ना? सांगा ना. म्हणजे मला कळेल तो इथेच आहे. निदान इथे तरी आहे."

त्या खाली बसल्या, माझ्याजवळ, त्या ढिगात. माझा हात दोन्ही हातांत घेतला. पहिल्यांदाच रडल्या. मग उठून आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

९ नोव्हेंबर

सकाळी उठून आल्या त्या थेट टाकीपाशी. "यात कुणी नाही गं. तो बुडाला नाही. निघून गेला. मी त्याला शब्द दिला होता... पण तुझं हे बघवत नाही आता."

मला काही कळायच्या आत स्वतःचा फोन काढून नंबर लावला आणि माझ्या कानाला धरला. दोनच रिंगा. मग त्याचा आवाज — झोपेतला, जरासा वैतागलेला, अगदी रोजचा —

"काय गं आई, आज सकाळीच?"