खाडीचा मान

रविवार, ता. ४ मार्च १९३४. आगरदांडा

शिमगा अजून उतरलेला नाही! मुंबईहून गावी आलेली मंडळी पलीकडे दिघीला पाहुण्यांकडे निघालेली, आणि निम्म्यांच्या तोंडाला माडीचा भपकारा. एक जण तर चालत्या लाँचच्या कठड्यावर चढून नाचायला लागला. बायका किंचाळल्या. अंबाजी तांडेल सुकाणू सोडून उठणार, तेवढ्यात मी त्याला खुणेनं बसवलं.

केलं काय? नेहमीचंच. बाकाखालून शेंडीचा नारळ काढला — हळदकुंकू लावलेलं असतंच त्याला — आणि त्या गड्याच्या ओंजळीत ठेवला. 'हा खाडीचा मान. आज तुमच्याकडे. दिघीला पाय लागेपर्यंत खाली ठेवायचा नाही.' झालं! गडी खाली उतरून मांडी घालून बसला, पूजेला बसावं तसा. दिघीला बोटं सुटेनात त्याची, एकेक सोडवावी लागली.

माणूस कितीही प्यालेला असो, मानाचा नारळ खाली ठेवत नाही. माझ्याआधीचे तिकीट मास्तर अशा वेळी शिपाई बोलवायचे. मी नारळावर भागवतो.

अंबाजीला एकच खुपतं. नारळ मी परत घेतो आणि पुढच्या खेपेला पुन्हा वापरतो. 'मान दावता नि काढून घेता. खाडी इसरत न्हाय, मास्तर.' म्हातारा आहे. बोलायचाच.

रविवार, ता. ११ मार्च

आज नवीन गिऱ्हाईक. धर्माजी नावाचा शेतकरी, आतल्या भातशेतीच्या गावचा. सकाळीच टाकून आलेला! फळीवरून लाँचवर आला तोच रांगत. मधल्या पाण्यात ताडकन उभा राहिला आणि 'बुडालो, बुडालो' करत शेजारच्या म्हातारीच्या गळ्यात पडला. सगळी माणसं एका अंगाला, लाँच कलली. मी नारळ दिला. पोटाशी धरून डोळे मिटून बसला.

पण लाँचवर मुरूडचे एक वकील होते. ते लाँच कंपनीच्या कचेरीत तक्रार करणार, असं बजावून गेले. करा म्हणावं.

रविवार, ता. १८ मार्च

धर्माजी पुन्हा. पुन्हा प्यालेला. पुन्हा नारळ.

रविवार, ता. ८ एप्रिल

वकिलांनी केलीच तक्रार. कचेरीतून निरोप: दारुड्यांचा बंदोबस्त करा, नाहीतर दुसरा मास्तर पाठवू. मला बंदोबस्त शिकवतात! आजपासून माझा नियम — आधी तोंडाचा वास, मग तिकीट. वास आला की धक्क्यावरूनच परत. नारळाचीसुद्धा गरज नाही.

धर्माजीला पहिला परत पाठवला. हात जोडत होता, काहीतरी सांगत होता. प्यालेल्या माणसाचं कुठं ऐकत बसायचं?

रविवार, ता. १५ एप्रिल

लाँच देवघरासारखी शांत. कचेरीनं शाबासकी कळवली. धर्माजी आज लांब माडाखाली बसून लाँचकडे बघत होता. जवळ आलाच नाही. वचक म्हणतात तो हा!

मंगळवार, ता. २४ एप्रिल

धर्माजीची बायको आली होती. सोनाबाई. उन्हातून चालत आलेली, पायांवर धुरळा. पाणी दिलं तर घेईना, आधी बोलायचं होतं तिला.

'माझा धनी दारुडा न्हाय वो मास्तर. गावात कुनालाबी इचारा. थेंब घेत न्हाय. पान्याला भितो त्यो.'

मी हसलोच. पाण्याला भिणारा माणूस दर रविवारी खाडी ओलांडायला येतो?

मग तिनं सगळं सांगितलं. त्यांची एकुलती मुलगी रंगू दिघीला दिलेली. पहिलटकरीण, सातवा लागलाय. बाळंतपण माहेरीच व्हायचं, आणि न्यायला बापानं नाहीतर भावानं जायचं. भाऊ नाही. आईनं जायची रीत नाही. खाडीला वळसा घालून यायचं तर बैलगाडीत तिचे हाल होतील. म्हणून धर्माजी लाँचला येतो. शुद्धीत फळीवर पाऊल उचलत नाही, म्हणून पिऊन येतो. आणि तिकडे रंगूचा सासरा उंबऱ्यातूनच घालवून देतो — 'प्यालेल्या मानसासंगं आमची सून धाडनार न्हाय.'

खरं आहे त्याचं. मी तरी धाडली असती का?

'आन आता तुमीबी लाँच बंद केली,' सोनाबाई म्हणाली. 'पावसापाठी तर समद्यांचीच बंद हुईल. माझी पोर तितंच ऱ्हाईल.' एवढं बोलून तिनं पाणी घेतलं.

फार वाईट वाटलं. पण मी हात टेकणारा माणूस नव्हे. सांगितलं, 'रविवारी त्यांना कोरडे पाठवा. पलीकडे न्यायचं माझ्याकडे लागलं.'

रविवार, ता. २९ एप्रिल

नेलं!

धर्माजी आला. धुतलेलं धोतर, डोक्याला पागोटं, तोंडाला वास नाही. फळीपाशी आला आणि पाऊल उचलेना. मागची माणसं ओरडायला लागली. मी नारळ पुढं केला. तो बघतच राहिला.

'ह्यो त्योच न्हवं, मास्तर?'

'तोच.'

'मंग हुईल. मागल्या टायमाला ह्यानंच पोचवला मला.'

म्हणजे माडीनं नव्हे, नारळानं पोचवलं असं त्याला वाटतं! मी कशाला मोडता घालू? घामानं भिजला, ओठ चावले, पण बसून राहिला. दिघीला उतरला तेव्हा ताठ चालत गेला.

परतताना सांगत होता, सासऱ्यानं तोंडाजवळ नाक नेऊन बघितलं आणि मग पाट मांडला. वीस मेला पाठवणी. अंबाजीपुढे मी जरा मिरवलंच. तो म्हणाला, 'मास्तर, आता तरी खाडीचं खाडीला द्या.' नारळ उत्तम आहे अजून. कशाला टाकायचा?

भीती ही अशीच असते. माणसाच्या हाताला काहीतरी काम दिलं की पळते. मला स्वतःला ती कधी शिवली नाही. नागावच्या वाडीत वाढलो, समुद्र दारातच.

शनिवार, ता. १९ मे

उद्या रंगूची पाठवणी. वारा फिरलाय. अंबाजी म्हणतो, सकाळचं बघून ठरवू. मी म्हटलं, ठरवायचं काय त्यात? पुढच्या आठवड्यात लाँच किनाऱ्याला ओढणार. उद्या नाही तर पोरीचं माहेर हुकलं. मी शब्द दिलाय. जाणारच!

रविवार, ता. २० मे

जाताना ठीक. येताना मधल्या पाण्यात इंजिन बंद पडलं. लाँच लाटेला आडवी झाली, पाणी कठड्यावरून आत. रंगू पोट धरून बसलेली. ओरडला एकच माणूस. ताडकन उभा राहिला आणि 'बुडालो, बुडालो' करत अंबाजीच्या गळ्यात पडला — सुकाणू सुटेपर्यंत. तो मी. शुद्धीत होतो.

धर्माजीनं मला खांद्याला धरून खाली बसवलं. आपल्या ओंजळीतला नारळ माझ्या ओंजळीत ठेवला. 'धरा, मास्तर. आगरदांड्याला पाय लागस्तंवर खाली ठेवू नका.' आणि रिकाम्या हातांनी पाणी उपसायला लागला.

ठेवला नाही. इंजिन कधी सुरू झालं कळलं नाही. धक्क्यावर सोनाबाईनं रंगूला उतरवून घेतलं, तरी मी तसाच. धर्माजीनं माझी बोटं एकेक सोडवली.

नारळ खाडीला दिला.