बेटिंगवाल्यांच्या मेळाव्याला मी

मंगळवार, ४ जून
दोनदा सांगितलं, मी जाणार नाही. मॅडम ऐकते कुठं! पूर्व आफ्रिकेतल्या सगळ्या बेटिंगवाल्यांचा मेळावा आहे, इथंच नैरोबीत, मोठ्या हॉटेलात. बोलावणं न्याबोके मॅडमला, कारण दुकान तिचं. आणि म्हणते काय, "माझे गुडघे दुखतात. कोमाकेच, तू जा."
मी खिडकीत बसून सामन्यांवरच्या पैजांच्या चिठ्ठ्या छापणारा. शाळा चौथीत सुटली. तिथं बोलू काय?
"तोंड बंद ठेव आणि खा."
तिच्या गेलेल्या नवऱ्याचा कोट दिलाय. बाह्या बोटांपर्यंत येतात.

बुधवार, ५ जून
बकऱ्याचं भाजलेलं मटण. तीनदा घेतलं.
बाकी सगळी मशीनंच मशीनं. एक पोरगी सांगत होती, "हे लावलं की खिडकीत माणूस लागणार नाही." मी म्हणालो, "मग चहा कोण देणार?" ती हसली. मी खरंच विचारत होतो. आमच्याकडं चिठ्ठीवरचे बाकी सगळे सामने बरोबर लागून एकाच सामन्यापायी पैज गेली, की मॅडमचा चहा फुकट. माणूस बसतो, रेफरीच्या सात पिढ्या उद्धारतो, थंड होऊन घरी जातो.
मागं कंपालाचा एक साहेब ऐकत होता — तुमुहायिर्वे. त्यानं आपलं कार्ड पुढं केलं. मी घेतलं, नंबर बघितला आणि परत सरकवलं. "नाही लागली, बाबा. पुढच्या वेळी."
दीड वर्षाची सवय! मेल्यासारखं झालं. साहेब मात्र डोळे पुसत हसत होता.

गुरुवार, ६ जून
साहेबानं आज मला हुडकून काढलं. गुलूला दुकान उघडतोय. म्हणाला, "सांभाळशील?"
गुलू म्हणजे युगांडातलं माझं गाव. बायको, लामवाका, तिथं आहे. आणि पोरगी — अकरा महिन्यांची झाली, अजून फोनवरच पाहिलीय.
मी नाही म्हणालो.
मॅडमला आता बारीक आकडे दिसत नाहीत. कबूल करत नाही, म्हणते काच खराब आहे. परवा आठाचे तीन वाचले. मी गेलो तर तिला लोक दिवसाढवळ्या फसवतील. आणि या शहरात मला मक्याच्या पिठाची पहिली उगाली तिनं वाढली, नाव विचारायच्या आधी.
"रविवारपर्यंत विचार कर," साहेब म्हणाला.
परत आल्यावर मॅडमला फक्त मटणाचं सांगितलं.
"कंपालाचं कुणी भेटलं का?"
"नाही."
"तुझं तोंड कसं पडलंय मग?"
"मटण जास्त झालं."
तिनं चहा पुढं केला.

शुक्रवार, ७ जून
लामवाकाला दोनदा फोन केला. दोनदा पावसापाण्याचं बोललो. पोरगी धरून उभी राहते म्हणे. कामात चार चुका.

शनिवार, ८ जून
ज्यांच्या घरचे येऊन सांगतात, याला खेळू देऊ नका, त्यांचे फोटो मॅडम खिडकीशेजारी चिकटवते. मग त्यांना दुकान बंद. आज तिथं एक नवा फोटो आहे. माझा! खाली तिचं वाकडं, ठळक अक्षर : "याला सोमवारपासून आत घेऊ नये. बायकोची विनंती. कंपालाच्या साहेबांना याच्या वतीनं मी मेळाव्याआधीच हो सांगितलंय. खिडकीवर माझी भाची बसेल. तिचे डोळे चांगले आहेत."